पंडिता, पण शेवटपर्यंत विद्यार्थिनी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं कमिटीनं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सोसायटीच्या आठवणीच लिहाव्यात. पण पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग यांच्या आठवणी लिहायला आपल्याकडे माझ्याहून जाणते लोक आहेत. मग मनात आलं, आपल्या इमारतीत ख्रिस्ती घरं मोजकीच. नाताळला आपण एकमेकांकडे फराळ नेऊन देतो, गणपतीत आरतीला एकत्र उभे राहतो, पण एकमेकांच्या श्रद्धेबद्दल निवांत बोलणं फारसं होत नाही. म्हणून आज एका अशा बाईंची गोष्ट सांगते, ज्यांचं नाव सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे, पण ज्यांचा आपल्या गिरगावाशी असलेला संबंध बहुतेकांना ठाऊक नसतो. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

आपल्यापैकी बरेच जण रोज संध्याकाळी चौपाटीवर फिरायला जातात. त्याच चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. विधवा आणि निराधार मुलींनी राहून शिकावं, यासाठी काढलेली ही शाळा. उद्घाटनाच्या सभेला अध्यक्ष होत्या लेखिका काशीबाई कानिटकर. एका बाईनं सभेचं अध्यक्षपद भूषवायचं, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. सुरुवातीला विद्यार्थिनी दोनच. त्यातली एक गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेली, मुंबईत भावाकडे राहणारी. विशी उलटल्यावर ती इथं शिकायला आली. पुढे याच गोदूबाईंचा महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

त्या वेळी रमाबाईंचं वय होतं अवघं तीस. नावामागे पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या. इंग्लंड-अमेरिका बघून आलेल्या. एवढी मोठी बाई त्या दोन मुलींसमोर बसून धडे घेऊ लागली. पण मला या लेखात त्यांच्या शिकवण्यापेक्षा त्यांच्या शिकण्याबद्दल जास्त सांगायचं आहे. कारण रमाबाईंचं सगळं आयुष्य बघितलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जेव्हा जेव्हा लोकांना वाटलं की आता या बाईंना सगळं येतं, तेव्हा तेव्हा त्या स्वतः पुन्हा पाटी घेऊन बसल्या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यात त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवताना पाहिलं होतं. बायका शिकू शकतात, हे तेव्हाच त्यांच्या मनात बसलं. पुढे त्यांनी स्वतःच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी नावं ठेवली, पण त्यांनी ऐकलं नाही. आई शिकली आणि आईनं मुलीला शिकवलं. पहाटे आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत रमाबाईंनी श्लोक पाठ केले, आणि मोठेपणी हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर हिंडत असे. १८७४ नंतरच्या दुष्काळात त्यांच्याकडचं सगळं संपलं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी आईची तिरडी खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. नंतर उरलेले बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरले, भुकेले, थंडीत कुडकुडत, कधी झाडाखाली, कधी धर्मशाळेत.

१८७८ साली दोघं कोलकात्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे सत्कार, भाषणं, वर्तमानपत्रांत नाव. दुसरं कोणी असतं तर इथं शिकणं थांबलं असतं. पण बायकांपुढे धर्मशास्त्रावर बोलायचं म्हणून रमाबाई ते ग्रंथ पुन्हा बारकाईनं वाचायला बसल्या. त्यात स्त्रिया आणि शूद्र यांच्याबद्दल जे लिहिलेलं दिसलं, त्यानं त्या अस्वस्थ झाल्या. वेद तर त्यांनी तोपर्यंत वाचलेलेच नव्हते, कारण स्त्रियांनी ते वाचू नयेत असंच त्यांना शिकवलं होतं. केशवचंद्र सेन यांनी वेदांची प्रत हातात दिली आणि वाचायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी ते वाचले. जे आपल्याला पाठ आहे ते तपासून बघायचं धाडस त्यांच्यात होतं.

कोलकात्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. सगळे खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले! रमाबाईंना आणि भावाला वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ही गंमत लपवली नाही, लिहून ठेवली. आपलं अज्ञान असं हसत सांगता येणं, हीसुद्धा नम्रताच.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं, जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्यानं गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गेलेले, कडेवर तान्ही मुलगी. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करा, अशी मागणी केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशातून १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली. स्वतः डॉक्टर व्हायचं होतं.

पण इंग्लंडमध्ये कळलं की कान साथ देत नाहीत. ऐकू कमी येऊ लागलं होतं, डॉक्टरकीचा अभ्यास जमणार नव्हता. एवढा समुद्र ओलांडून गेलेली बाई निराश होऊन परत आली असती तर कोणी दोष दिला नसता. त्या मात्र वाँटेजच्या जोगिणींकडे इंग्रजी शिकत राहिल्या. याच जोगिणींचं लंडनमधलं एक आश्रयगृह त्यांनी पाहिलं. समाजानं वाऱ्यावर सोडलेल्या, पतित म्हणून हिणवलेल्या बायकांना तिथं मायेनं सांभाळलं जात होतं. असं काम त्यांनी आधी कुठेच पाहिलेलं नव्हतं. हे कशामुळे करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांना वाचून दाखवला गेला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शमरोनी बाईशी प्रभू येशू बोलतात, तिच्याकडे पाणी मागतात, तो अध्याय. रमाबाईंच्या मनाला तो भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता इथं एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांना जास्त लागू पडतो. नम्र आणि शिकाऊ मन म्हणजे वडीलधारी सांगतील ते मान खाली घालून ऐकणं का? बाप्तिस्मा झाला, आता मंडळीचे पुढारी सांगतील तसं वागायचं, असं वाँटेजच्या जोगिणींना वाटत होतं. रमाबाईंना ते मान्य नव्हतं. जे पवित्र शास्त्रात मला सापडत नाही ते केवळ कोणी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नको, यावर त्यांनी वाद घातला. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत असताना इंग्रज मुलग्यांनाही शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं त्यांना पटेना. ज्या देशात आपण परिषदांमध्ये पुरुषांसमोर बोललो, तिथले बिशप आता हे ठरवणार का, असं रमाबाईंना वाटलं आणि तसं त्यांनी स्पष्ट कळवलं.

ही पत्रं आज छापील मिळतात. ती वाचताना मला कळलं की त्यांच्या गुरुभगिनींना त्या गर्विष्ठ वाटत होत्या. पण गर्विष्ठ माणूस आपलं म्हणणं मांडून मोकळा होतो, समोरच्याकडून काही घेत नाही. रमाबाई वाद घालत होत्या आणि त्याच वेळी त्या जोगिणींकडून इंग्रजी, सेवेची पद्धत, प्रार्थना सगळं मनापासून शिकत होत्या. त्यांचं ऋणही त्यांनी कायम मानलं. माणसांपुढे वाकायचं की नाही हे त्या पारखून ठरवत. सत्यापुढे मात्र त्या लगेच वाकत, मग ते कोणाच्याही तोंडून येवो.

१८८६ मध्ये लांबच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. पाहुणी म्हणून गेल्या आणि तिथं किंडरगार्टनची पद्धत बघून चक्क वर्गात नाव घातलं. डोळ्यांसमोर आणा. कोलकात्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलेली बाई लहान मुलांसारखी ठोकळे आणि कागदाच्या घड्या घेऊन बसली आहे, का, तर आपल्याकडच्या मुलींना पुढे शिकवायचं म्हणून. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं दिली. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. आणि त्या बळावर त्या परत येऊन चौपाटीवर शाळा काढत्या झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. पहिल्यांदाच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या, त्यांत रमाबाई होत्या.

मुंबईचा खर्च झेपेना म्हणून १८९० मध्ये शारदा सदन पुण्याला हललं. गिरगावातला मुक्काम दीड-पावणेदोन वर्षांचाच. पण तेवढ्यात शाळेचं रोपटं रुजलं.

पुण्यात १८९१ च्या सुमाराला जे घडलं ते मला त्यांच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं वाटतं, जरी पाठ्यपुस्तकात ते येत नाही. कॉर्नवॉलमधले विल्यम हॅस्लम नावाचे एक धर्मोपदेशक होते. कितीतरी वर्षं चर्चमध्ये उपदेश केल्यावर एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाच प्रभूची खरी ओळख झालेली नाही. त्यांचं आत्मचरित्र रमाबाईंच्या हाती पडलं. वाचता वाचता त्या थांबल्या. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली होती. धर्म समजला होता, वाद करता येत होते, बायबल वाचलेलं होतं. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही, असं त्यांना जाणवलं. आणि हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. जगभर नाव झालेलं, संस्थेची मोठी जबाबदारी, टीका करणारे टपून बसलेले, अशा वेळी मी अजून सुरुवातीलाच आहे, हे कबूल करणं सोपं नसतं. त्या गुडघ्यांवर आल्या आणि नव्यानं शिकू लागल्या. नंतरच्या साक्षीत त्यांनी हे सगळं जगाला सांगितलं.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. शारदा सदनात मुलींना आपापले आचार पाळायची मुभा होती, प्रार्थनेची सक्ती नव्हती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी माणसं प्रामाणिक होती, आज एवढ्या वर्षांनी आपण तरी असंच म्हणू या. रमाबाई उरलेल्या मुलींना घेऊन कामाला लागल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. त्यांना स्वतःच्या दुष्काळातले दिवस आठवत होते. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावच्या शेतावर नेलं. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमाराला, तिथं जवळजवळ दोन हजार मुली-बायका होत्या. एवढ्या जणींना रोज जेवायला घालायचं म्हणजे शेती, विहिरी, गाईगुरं, तेलाचा घाणा, माग, छापखाना सगळं आलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं, लंडनच्या त्या आश्रयगृहाची आठवण ठेवून. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली.

आणि शेवटचं शिक्षण. रमाबाईंना वाटे, मराठी बायबलची भाषा आपल्या केडगावच्या बायकांना कळत नाही. संस्कृत शब्द फार. म्हणून साध्या मराठीत सगळं बायबल नव्यानं आणायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या मूळ भाषा शिकल्या, हिब्रू आणि ग्रीक. हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. पंधराहून जास्त वर्षं हे काम चाललं. मुक्तीतल्या बायकाच अक्षरं जुळवत, छापत, बांधत.

मला इथं दरवेळी थांबावंसं वाटतं. ज्या बाईला संस्कृतनं जगभर मान दिला, तिनं शेवटी आपल्या लिखाणातून संस्कृत शब्द वेचून काढून टाकले. का, तर शेण काढणाऱ्या, दळण दळणाऱ्या बाईला वाचता यावं म्हणून. कोणता शब्द त्यांना कळतो, हे ठरवायचं तर आधी त्यांचं बोलणं ऐकायला हवं. म्हणजे पंडितेला आता त्या निरक्षर बायकांकडून शिकायचं होतं. आणि कान तर कधीचे मंद झालेले.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच आधी गेली. रमाबाईंनी त्याही दुःखात भाषांतराचं काम तडीला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला डोळे मिटले. शारदा सदनाला शंभर वर्षं झाली त्या साली, १९८९ मध्ये, भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

आता थोडं आपलं. माझ्या घरी बायबल रोज वाचलं जातं. लहानपणापासून इतक्या वेळा वाचलंय की डोळे पुढच्या ओळीवर आधीच जातात. मधे नातीनं एका गोष्टीबद्दल साधा प्रश्न विचारला. मी नेहमीचं उत्तर दिलं. ती म्हणाली नाही काही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आजीनं प्रश्न ऐकलाच नाही. त्या रात्री मी तो भाग पुन्हा वाचला आणि तिचा प्रश्न बरोबर होता. सकाळी तिला तसं सांगितलं. सांगताना जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर बराच वेळ दोघी बोलत बसलो, इतकं आधी कधी बोललो नव्हतो.

सोसायटीतही असंच असतं ना? पंचवीस वर्षं राहिलो की आपल्याला वाटतं, सगळं माहीत आहे. नवीन बिऱ्हाडकरू काही सुचवतो आणि आपण म्हणतो, इथं असंच चालतं. जनरल बॉडीत तरुण मुलगी उभी राहिली तर तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही. रमाबाई त्या खुर्चीत असत्या तर हातात पेन्सिल घेऊन ऐकल्या असत्या, आणि पटलं नाही तर तेही तोंडावर सांगितलं असतं.

पुढच्या वेळी चौपाटीवर फिरायला गेलात, तर विल्सन कॉलेजच्या बाजूला क्षणभर थांबा. या परिसरात एकशेतीस वर्षांहून अधिक काळापूर्वी एक पंडिता दोन मुलींना घेऊन बसली होती. त्या मुलींइतकंच तीही शिकत होती.

सोसायटीच्या सर्व रहिवाशांना, लहानथोरांना, रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. देव आपणा सर्वांना शिकत राहायचं मन देवो.

— तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी